माडीवरची बिनमाइकची बैठक

आधी जिना सांगते. माझ्या वयाच्या माणसानं बैठकीला जायचं की नाही, हे गाणाऱ्याच्या नावापेक्षा जिन्यावर जास्त ठरतं. इथे सतरा पायऱ्या आहेत, लाकडी आणि उंच, आणि वळणावर दिवा नाही. कठड्याच्या जागी जाड दोर बांधलाय, तो मात्र पक्का आहे. खाली उभ्या असलेल्या घरच्या सूनबाई प्रत्येकाला सांगत होत्या, "सावकाश चढा ओ, घाई न्हाई. वर अजून तंबोरे लावालेत." माझ्या मागे धाकटी जाऊ पिशवी आणि दोन छत्र्या घेऊन. पाचव्या पायरीवर मी थांबले. दम लागला म्हणून नव्हे. वरून तंबोऱ्याचा आवाज येत होता आणि तो मला सरळ, न डुलता ऐकू येत होता. सहा वर्षांत पहिल्यांदा.

मी खानापूरची. मराठी शाळेत चौतीस वर्षं शिकवलं, आता अडुसष्ट वर्षांची आहे आणि दोन्ही कानांत श्रवणयंत्रं आहेत. माझ्यासारखे गाणं ऐकणारे आणि ऐकू न येणारे लोक आपल्या भागात बरेच असणार, म्हणून हे सविस्तर लिहितेय. गाण्याची ही बैठक बेळगावच्या टिळकवाडीतल्या एका जुन्या घराच्या माडीवर होते, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. घराचे मालक अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: घराचा पत्ता छापू नका आणि कलाकारांची नावं लिहू नका. ते आधीही नावं जाहीर करत नाहीत. नाव बघून येणारा माणूस नाव ऐकून जातो, असं त्यांचं म्हणणं. सुरुवातीला मला हे विचित्र वाटलं, पण आता पटलंय. टिळकवाडीत गाणं ऐकणाऱ्या कुणालाही विचारा, घर दाखवतील.

खानापुराहून यायचं तर बेळगावची बस धरून तिसऱ्या रेल्वे गेटला उतरावं, शहरातल्या बसस्थानकापर्यंत जाऊ नये. पंचवीस-सव्वीस किलोमीटर. २०२३ च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस मोफत आहे, आधार कार्ड दाखवलं की कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडच्या कितीतरी बायका बेळगावला फक्त दवाखान्यासाठी नाहीतर लग्नाच्या खरेदीसाठी जातात. गाण्यासाठी त्याच बसनं जाता येतं. परतीची मात्र आधी चौकशी करून ठेवा. रात्री नऊनंतर बस कमी होतात आणि पावसाळ्यात त्यांचा नेम नसतो.

आता कानांचं. माझं ऐकणं एकदम गेलं नाही. आधी स, त, फ ही उंच पट्टीची अक्षरं गेली. नातू 'साखर' म्हणायचा आणि मला 'आखर' ऐकू यायचं. स्वर ऐकू यायचे, व्यंजनं गळायची. यंत्रं घेतली तेव्हा बोलणं परत आलं, पण गाणं आलं नाही. तंबोरा लावला की तो पाण्याखालून आल्यासारखा डुलायचा, मधेच चिरकायचा. वर्षभर मी समजत होते की माझा कानच बिघडला. शेवटी यंत्र बसवून देणाऱ्या तज्ज्ञ मुलीला विचारलं, तेव्हा तिनं कारण सांगितलं. यंत्राचा स्वतःचा आवाज परत त्याच्याच माइकात शिरला की शीळ वाजते. ती शीळ दाबायला यंत्र सतत एकसुरी, लांबत जाणारा आवाज शोधत असतं आणि सापडला की त्याच्यावर तुटून पडतं. तंबोरा म्हणजे नेमका तसा आवाज! यंत्र माझ्या तंबोऱ्याला शीळ समजत होतं.

त्या मुलीनं यंत्रात गाण्यासाठी वेगळा प्रोग्राम घालून दिला. त्यात शीळ दाबणं बंद, गोंगाट कमी करणंही बंद. बटण एकदा दाबलं की दोन टिचक्या ऐकू येतात, मग यंत्र जे येईल ते फारसं न छाटता आत सोडतं. कानात यंत्र असलेल्या प्रत्येक रसिकानं हे मागून घ्यावं. मागितल्याशिवाय कुणी देत नाही, कारण गाणं ऐकायला यंत्र घेतो असं कुणी सांगतच नाही.

पण तेवढ्यानं भागलं नाही. गेल्या वर्षी एका मोठ्या सभागृहात गायनाला गेले होते, हा नवा प्रोग्राम लावून. स्पीकर माणसाच्या उंचीचे, तबल्याचा डग्गा छातीवर आपटत होता. फार मोठा आवाज आला की यंत्र स्वतःहून तो दाबतं, त्यामुळे समेवर प्रत्येक वेळी गायकाचा आवाज आत ओढला जायचा आणि सम संपल्यावर परत वर यायचा. सम म्हणजे गाण्याचं पोहोचण्याचं ठिकाण. तिथेच मला भोक ऐकू येत होतं. मी यंत्रं काढून पर्समध्ये ठेवली. मध्यंतरात उठून घरी आले आणि जावेला म्हटलं, माझं गाणं संपलं. ती काही बोलली नाही. पण या श्रावणात तिनंच कुठूनतरी या बैठकीचं ऐकलं आणि म्हणाली, "अक्का, तिथं माइक न्हाई म्हणे. एकदा जाऊन येऊन करूया."

माडी बघून मी आधी भिंतीला हात लावला. जाड मातीच्या भिंती, वर लाकडी तक्तपोशी, त्यावर मंगळुरी कौलं, खाली सागवानी फळ्यांची जमीन. साधारण तीस फूट लांब, अठरा फूट रुंद. मधे सतरंज्या, मागे पंधराएक खुर्च्या, खिडक्यांना जाड पडदे. पंचावन्न माणसं बसली की भरते. एका भिंतीवर दोन फोटो आहेत. एक कुमार गंधर्वांचा. त्यांचा जन्म १९२४ चा, इथून जवळच्या सुळेभावीचा. दुसरा रामभाऊ विजापुरे यांचा, जे १९१७ साली कागवाडमध्ये जन्मले आणि ज्यांनी बेळगावात कितीतरी पिढ्यांना पेटी शिकवली. फोटोंना हार नव्हते. स्वच्छ पुसलेल्या काचा होत्या, आणि त्याच मला जास्त आवडल्या.

कुठे बसावं? मी तीन जागा बदलून बघितल्या, सुरुवातीच्या सत्काराचा तेवढा उपयोग झाला. खुर्च्या मागे, वीस-बावीस फुटांवर आहेत आणि तिथपर्यंत गाणं येतं, पण तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो झणकार, येत नाही. पूर्वेच्या खिडकीखाली, गाणाऱ्यांपासून बारा फुटांवर, ही माझी जागा ठरली. गुडघ्यांचं दुखणं सहन होत असेल तर जमिनीवरच बसा. फळ्यांची जमीन डग्ग्याचा घुमारा मांडीपर्यंत आणते. जो खर्ज यंत्रातून पुरता मिळत नाही, तो तिथून मिळतो. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी खुर्ची मागितलीच नसती.

सत्कार लांबला. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, त्या प्रास्ताविकाचं कन्नड, मग आभार, एकूण बावीस मिनिटं. दोन्ही भाषांत बोलणं हे योग्यच, घरात दोन्ही भाषांची माणसं होती. पण तेच दोनदा सांगायला नको. अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये बोललं तरी इथे कुणाचं काही अडत नाही.

त्यानंतर मात्र एक शब्दही वाया गेला नाही.

गायिका धारवाडकडच्या, पन्नाशीच्या, किराणा घराण्याच्या शिकलेल्या. दोन तंबोरे मिरजेचे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण आमच्या भागात तंबोरा घ्यायचा तर मिरजेला जायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलंच होतं. स्वर काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीचा. राग पूरिया निवडला होता, म्हणून पहिली तार पंचमाऐवजी निषादाला मिळवली होती, कारण पूरियात पंचम नाही. बाई पंधरा मिनिटं तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखालचा दोरा सुईच्या टोकाएवढा मागेपुढे करत होत्या. दोरा बरोबर जागी आला की तारेतून एक झणकार उघडतो, स्वरात दुसरे स्वर दिसायला लागतात. तो क्षण मला कळला. बटण जिन्यातच दाबलेलं होतं. तंबोरा डुलला नाही. नुसता उभा राहिला. जावेकडे बघितलं, तर ती माझ्याकडेच बघत होती.

पूरिया हा दिवेलागणीचा राग. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वर एकच: कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. फरक वावरण्याचा. मारवा रिषभ-धैवतावर अस्वस्थ उभा राहतो, सोहनी वरच्या षड्जाजवळ चमकते, आणि पूरिया खाली मंद्रात, गंधार-निषादाच्या आधारानं बसतो. बसतो हाच शब्द बरोबर. बाईंनी पहिली दहा मिनिटं मध्य षड्जाच्या वर जाण्याची घाईच केली नाही. खालचा निषाद, खालचा धैवत, परत निषाद. मला उंच पट्टीचं कमी ऐकू येतं, खालचं शाबूत आहे. म्हणजे ज्या भागात माझे कान अजून धड आहेत, नेमकं तिथेच त्या बाई गात होत्या. योगायोगच, पण माझे डोळे भरून आले.

ख्याल विलंबित एकतालात. बारा मात्रांचं एक आवर्तन जवळजवळ पाऊण मिनिटाचं. किराण्यात बढत, म्हणजे रागाचा सावकाश विस्तार, एकेका स्वरानं होते. स्वर लागला की त्याच्याभोवती फिरून, त्याची ओळख पटवून मगच पुढचा. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि त्यांचे शिष्य सवाई गंधर्व धारवाडजवळच्या कुंदगोळचे. म्हणजे हे गाणं आमच्याकडच्याच वाटेवरचं, मिरजेहून धारवाडला जाणाऱ्या गाडीच्या वाटेवरचं. बेळगाव मधलं स्टेशन. गंधारावर त्या पोहोचल्या तेव्हा पंधरा-सोळा मिनिटं झाली होती. त्या गंधारावर त्यांनी किती वेळ घेतला ते मी मोजलं नाही. पण श्वास घेताना त्यांचा पदर हललेला मला दिसला आणि तो श्वास ऐकूही आला. माइकच्या गाण्यात श्वास ऐकू येतो तो स्पीकरमधून, माणसाच्या दुसऱ्याच बाजूनं. इथे जिथे पदर हलला तिथूनच आला. यंत्र लावणाऱ्याला आवाज कुठून येतोय हे कळणं म्हणजे काय, ते यंत्र लावल्याशिवाय कळणार नाही.

'म ध ग म ग' ही पूरियाची ओळखीची संगती आली आणि त्यानंतर बाई परत निषादाकडे उतरल्या. पहिल्यांदा सरळ, दुसऱ्यांदा मींडेनं, म्हणजे स्वर न तोडता घसरत, तिसऱ्यांदा मधेच सोडून दिली. ती सोडलेली जागा पेटीवाल्यानं भरली नाही. हे मला फार मोठं वाटलं. पेटीला मींड नाही, तिच्या पट्ट्या ठरलेल्या जागी बसवलेल्या, आणि पूरियाचा कोमल रिषभ पेटीच्या रिषभाहून किंचित खाली राहू इच्छितो. कच्चा साथीदार तिथेही पट्टी दाबतो आणि स्वराला भिंत घालतो. हे गृहस्थ मंद्रातल्या बढतीत जवळजवळ गप्प होते. ओळ संपताना शेवटचा स्वर हलकेच धरायचे, बस. तबलजींचंही तसंच. पावसानं पान उतरत होतं, दर दहा मिनिटांनी ते हातोडीनं गट्टे खाली ठोकत, पण ठेका एकदाही ढळला नाही.

मधे गाडी गेली. मिरज-लोंढा मार्ग टिळकवाडीतूनच जातो. शिट्टी वाजली आणि माडीची खिडकी थरथरली. बाई थांबल्या नाहीत, स्वर सोडून नुसत्या बसल्या, तबला चालू होता. गाडी गेली, आवर्तन संपत आलं, आणि त्यांनी मुखडा, म्हणजे बंदिशीच्या पहिल्या ओळीचा आरंभ, उचलून समेवर आणून ठेवला. कुणी "वा" म्हटलं नाही. पंचावन्न माणसांनी एकदम श्वास सोडला, तो ऐकू आला.

द्रुत तीनतालातल्या तानांबद्दल मी काही लिहीत नाही. वेगात गेलं की माझ्या कानात तान एकसलग होते, दाणे वेगळे पडत नाहीत. जे ऐकू आलं नाही त्याला बरं-वाईट म्हणायचा मला अधिकार नाही. शेजारच्या आजोबांनी मान हलवली, तेवढं सांगते.

त्यानंतर गौड मल्हार सुरू झाला आणि दहा मिनिटांत पाऊस आला. आमच्या खानापूरच्या पावसाची सवय असलेल्यालाही कौलांवरचा तो आवाज मोठा होता. माइक असता तर कुणीतरी आवाज वाढवला असता. इथे अण्णा उठले आणि म्हणाले, "सगळे पुढं सरका." बसल्या बसल्या, सतरंजीसकट, माणसं पुढे सरकली. खुर्च्यांवरचे खाली आले. मी गाणाऱ्यांपासून सहा फुटांवर, तबलजींचा उजवा गुडघा जवळजवळ माझ्या पायाशी. बाई हसल्या आणि त्याच आवाजात गात राहिल्या, वाढवला नाही. गौड मल्हार खुल्या मनाचा राग, रिषभावरून मध्यमाकडे झेपावून पंचमावर टेकणारा. पावसातून तो पोहोचला. अर्धा ऐकू आला, अर्धा त्यांच्या ओठांवरून आणि हातावरून कळला. सहा वर्षं मी माणसांचं बोलणं ओठांवरून वाचतेय, गाणं त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

मध्यंतर वीस मिनिटांचं. खालच्या पडवीत चहा आणि चिरमुऱ्याचा सुसला, त्यात ओलं खोबरं भरपूर. चहा आमच्या चवीला जरा गोडच. प्रवेशाला पैसे नाहीत, दाराशी पितळी डबा आहे, ज्याला जमेल त्यानं टाकावं. आम्ही दोघींनी मिळून पाचशे टाकले. डबा सगळा कलाकारांना जातो, असं सूनबाईंनी सांगितलं. तोटा एक: स्वच्छतागृह खाली अंगणात आहे, म्हणजे सतरा पायऱ्या उतरायच्या, भिजत जायचं आणि परत चढायच्या. मध्यंतरात बायकांची रांग लागली आणि दोघी-तिघींचा उत्तरार्धाचा आरंभ हुकला. एवढ्या प्रेमानं सगळं करणाऱ्या घराला हे सुचवायला संकोच वाटतो, पण मध्यंतर पाच मिनिटांनी वाढवलं तरी पुरे.

मध्यंतरानंतर पेटीचं एकल वादन. बेळगावात हे नसतं तर मला चुकल्यासारखं वाटलं असतं. माझे वडील नंदगडच्या भजनी मंडळात पेटी वाजवत. १९४० साली रेडिओनं पेटीवर बंदी घातली होती आणि ती १९७१ पर्यंत चालली. माझं सगळं लहानपण त्या काळातलं. धारवाड केंद्रावर ख्याल लागला की साथीला सारंगी ऐकू यायची, आणि वडील आपली पेटी रेडिओपुढे ओढून हलकेच साथ करत बसायचे. "तिथं न्हाई तर घरात तरी असू दे," म्हणायचे. पेटीला आपल्या भागात जी माया मिळाली ती कुठल्या परवानगीची वाट बघून मिळाली नाही.

त्या दिवशी बिहाग वाजवला. पहिली बारा मिनिटं अतिशय सुंदर. मींड नसलेल्या वाद्यातून मींडेचा भास कसा करायचा ते बघण्यासारखं होतं: एक पट्टी सुटायच्या आत दुसरी दबते आणि त्याच वेळी डावा हात भात्याचा दाब कमी करतो, म्हणजे जोड ऐकू येत नाही, नुसती उतरण ऐकू येते. सगळं कौशल्य उजव्या हातात असतं असं वाटतं, पण गाणं डाव्या हातात असतं. बिहागात तीव्र मध्यम पंचमाच्या आडून डोकावतो, तो त्यांनी फार नाजूक ठेवला. पुढे लय वाढली, दोन्ही सप्तकांत बोटं धावायला लागली, टाळ्या आल्या, आणि बिहाग मागे राहिला. एवढ्या चांगल्या हातानं शेवटची सहा-सात मिनिटं वेगाला द्यायला नको होती. माडीवरच्या पंचावन्न माणसांना वेग दाखवावा लागत नाही, ती जवळच बसलेली असतात.

शेवटी भैरवी. बाईंनी आधी एक कन्नड वचन, म्हणजे शिवशरणांचं भक्तिपद, घेतलं. धारवाडचे गायक मल्लिकार्जुन मन्सूर मैफलीत वचनं गात, तेव्हापासून आमच्या बाजूच्या श्रोत्यांना ती परकी नाहीत. वचनातून थांबता न थांबता त्या एका मराठी अभंगात शिरल्या. आणि मला हे कळलंच नाही! व्यंजनं माझ्या कानातून गळतात हे वर सांगितलंच. मला ऐकू येत होती ती भैरवी, कोमल रिषभ, कोमल गंधार, तोच ठेका, तोच आवाज. भाषा बदलली हे मला जावेकडे बघून कळलं. आयुष्यभर तिनं ख्याल ऐकला नाही, पूर्वार्धात दोनदा पेंगली. पण आता तिचे ओठ हलत होते. अभंग तिला पाठ होता. समोर एक कन्नड आजी बसल्या होत्या, त्यांचे ओठ आधी हलत होते आणि आता थांबले होते, पण मान तशीच डुलत होती. गाणं संपल्यावर जाऊ म्हणाली, "अक्का, मधी काय म्हणालेत ते मला कळलं न्हाई, पण रडू आलं बघा." तिला न कळलेलं ते वचन, मला न कळलेली भाषेची ती सांध. त्यावर आम्ही दोघी बसमध्ये खानापूर येईपर्यंत बोलत होतो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. निघताना जिन्याशी काही मंडळी अण्णांना सांगत होती की माणसं मावत नाहीत, पुढच्या वेळी हॉल घ्या, साउंड सिस्टीम लावा, दोनशे माणसं येतील. हेतू चांगला आहे, हे मला कळतं. पंचवीसएक माणसं त्या दिवशी जागा नाही म्हणून परत गेली, त्यांत तरुण मुलं होती, आणि तरुण मुलं परत जाणं वाईटच. पण हॉल हा त्यावरचा उपाय नाही. हॉलमध्ये दुसरं गाणं होतं. तिथे गाणारा स्पीकरशी बोलतो, तबलजी स्पीकरमधला तबला ऐकून वाजवतो, आणि पाऊस आला तर माणसं पुढे सरकत नाहीत, आवाज वाढतो. ज्यांचे कान धड आहेत त्यांना दोन्ही चालेल. ज्यांचे कान गेलेत त्यांना फक्त माडी चालते.

त्याऐवजी दोन वेळा ठेवा. त्याच कलाकारांचं दुपारी एक आणि संध्याकाळी एक, प्रत्येकी पंचावन्न. दुपारी भीमपलासी-मुलतानी ऐकायला मिळेल, हे रागही हल्ली संध्याकाळच्या कार्यक्रमांमुळे कानांवर कमी पडतात. बाहेरगावच्यांना दुपारची बैठक सोयीची, दिवसाउजेडी घरी पोहोचता येतं. कलाकारांना दुहेरी श्रम पडतील हे खरं, तेव्हा पितळी डब्यात आपण दुप्पट टाकू. पुढच्या दोन रांगा कानानं अधू असलेल्यांसाठी राखाव्यात, अशीही माझी विनंती आहे. मोबाइलवर चित्रण करणाऱ्यांनी मागे बसावं. माझ्यापुढच्या मुलानं गौड मल्हार सगळा हात वर करून टिपला, त्या हातामागे मला बाईंचे ओठ दिसेनात. सांगितल्यावर त्यानं लगेच खाली घेतला, मुलगा गुणी होता.

अण्णांना मी हे सगळं तिथेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, काही कबूल केलं नाही. फक्त जिन्याच्या वळणावर दिवा लावतो म्हणाले.

आणखी एक. भैरवीच्या ऐन आधी माझ्या डाव्या यंत्राचा सेल संपला आणि पिशवीत दुसरा होता म्हणून निभावलं. शेजारच्या आजोबांचाही संपला, त्यांच्याकडे नव्हता, त्यांना मी माझ्यातला दिला. तेव्हा ३१२ नंबरच्या सेलचं एक अख्खं पाकीट, तपकिरी चिकटपट्टीवालं, मी माडीवरच्या कपाटात तंबोऱ्याच्या तारांच्या डब्याशेजारी ठेवून आलेय. लागलं तर सूनबाईंकडे मागा. चिकटपट्टी काढल्यावर मिनिटभर उघडा ठेवा, मग घाला.